गिट्टी

गेल्या डिसेंबरात माझा भाचा पुण्याहून आजोळी, धामणगाव रेल्वेला आला, तो मोटारीच्या टपावर दोन सायकली बांधून. त्यांतली एक माझ्यापुढे उभी करून तो म्हणाला, "मामा, उद्या पहाटे यवतमाळ. पण डांबरी रस्त्याने नाही, पांदणीने."

मी बासष्ट वर्षांचा निवृत्त शिक्षक. तीस-पस्तीस वर्षे सायकलनेच शाळेत गेलो. परंतु हौस म्हणून सायकल चालवण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. आमच्या पिढीत ज्याच्यापाशी दुसरे काही नसे तो सायकल चालवी. भाच्याच्या सायकलीची किंमत ऐकून मी ती आदराने भिंतीला टेकवून ठेवली.

खडीच्या, मुरमाच्या, कच्च्या वाटांवरून लांबवर सायकल नेण्याच्या या छंदाला 'ग्रॅव्हल बायकिंग' म्हणतात, असे त्याने मला समजावले. इटलीतील टस्कनी प्रांतात पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवरून जुन्या सायकलींची 'एरोईका' नावाची फेरी १९९७ पासून निघते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, एम्पोरिया या लहानशा गावी, २००६ साली दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली. २०२२ पासून तर या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरते. इंग्लंडमध्ये लँकेशायर-यॉर्कशायरच्या डोंगरखोऱ्यांत बंद पडलेल्या गिरण्यांच्या कडेने अशा वाटा जातात, हे सांगताना त्याने भ्रमणध्वनीवर एक छायाचित्रही दाखवले : विटांचे उंच धुराडे, रिकाम्या खिडक्या, आणि खाली चिखलाने माखलेले दोन सायकलस्वार.

ते धुराडे पाहून मला आमचीच गोष्ट आठवली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोहोचली. आमच्या गावाच्या नावातच 'रेल्वे' आहे, ते उगीच नव्हे. यवतमाळ भागातला कापूस बैलबंड्यांतून सुमारे एकोणतीस मैलांची वाट उतरून धामणगाव स्थानकावर येई. इथे जिनात सरकी वेगळी होई, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जात आणि त्या आगगाडीने मुंबईकडे निघत. पलीकडे पुलगावला कापडाची गिरणी उभी राहिली. पुढे तीही बंद पडली. वर्धा नदीचे आमचे खोरेही असेच, उद्योग येऊन गेलेले खोरे आहे. धामणगावात आजही काही जिने चालतात. काहींच्या आवारात मात्र पत्रे गंजले आहेत आणि बाभळी माजल्या आहेत. माझे वडील अशाच एका प्रेसमध्ये कामाला होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. गाव सुटले आणि दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची शेते लागली. वेचणीचे दिवस होते. ओटीत कापूस भरणाऱ्या बाया मान वर करून आमच्याकडे पाहत आणि हसत. भाचा मला धडे देत होता : हात सैल ठेवायचे, नजर चाकापुढे नव्हे तर दहा हात लांब ठेवायची, भुसभुशीत जागी पुढचा ब्रेक दाबायचा नाही, चढावर उभे राहायचे नाही, नाहीतर मागचे चाक जागच्या जागी फिरते. टायर चांगला दीड इंच रुंद, त्यात हवा बेताची. आत ट्यूब नाही, एक चिकट द्रव असतो. बाभळीचा काटा रुतला की तो द्रव छिद्रात जाऊन बसतो आणि आपण पुढे निघतो. वऱ्हाडातल्या पांदणीला याहून मोठे वरदान कोणते?

पांदण म्हणजे शेतांमधली गाडीवाट. पावसाळ्यात काळी माती बंडीच्या चाकाला अशी धरते की बैलांचेही काही चालत नाही. ज्या पांदणीवर मुरूम-गिट्टी पडली, त्या शेतातला माल वेळेवर बाजारात येतो. जिथे पडली नाही, तिथे डोक्यावरून ओझी वाहावी लागतात. म्हणून शेतकरी पांदणीसाठी वर्षानुवर्षे अर्ज करतो. अलीकडे, २०२१ पासून, राज्याने त्यासाठी 'मातोश्री' नावाने योजनाही आखली.

बेंबळा नदी ओलांडली, बाभुळगाव मागे पडले आणि जमीन चढू लागली. यवतमाळ पठारावर आहे. माती काळ्याची तांबूस झाली, शेते विरळ झाली, सागाची झाडे दिसू लागली. एका टेकाडावरून खाली उताराला ताजी गिट्टी अंथरलेली होती. भाचा पाण्यातून मासा जावा तसा गेला आणि खालून ओरडला, "मामा, या खडीची मजाच वेगळी!" मी निघालो, घाबरलो, आणि नेमका पुढचाच ब्रेक दाबला.

फारसे लागले नाही. उजव्या तळव्यात मात्र खडे रुतले होते. भाचा बाटलीतल्या पाण्याने हात धूत होता, एकेक खडा काढत होता, आणि मी त्या तळव्याकडे पाहत राहिलो. असा तळवा मी पूर्वी पाहिला होता.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. मराठवाड्याइतका नसला, तरी आम्हांलाही तो भोवला. कापूसच नाही तर गाठी कशाच्या बांधणार? वडिलांना प्रेसमधून घरी बसवले. ते आजारी पडले आणि आई दुष्काळी कामावर गिट्टी फोडायला जाऊ लागली. रस्त्याच्या कडेला काळ्या दगडांचा ढीग, हातात हातोडी, बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या. आठवड्याच्या शेवटी मुकादम ढीग मोजी आणि त्यावर मजुरी ठरे. काही जण तळाला मोठे दगड दडवून वर बारीक गिट्टी पसरत. ढीग मोठा दिसे. शेजारणीने आईलाही ती युक्ती सांगितली. आई म्हणाली, "नाही वं बाई. कोणाचं तरी चाक फसन." संध्याकाळी ती दिव्यापाशी बसून सुईने तळव्यातल्या कपच्या काढी.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. दुपारी तिची भाकर पोहोचवायचे काम माझे. एकदा शाळेतली मुले त्या रस्त्याने आली, तेव्हा मी भाकरीचे फडके झुडपात ठेवले आणि त्यांच्याबरोबर पुढे चालू लागलो. आईने मला पाहिले होते. तिने हाक मारली नाही. "तुझी आई काय करते?" असे कोणी विचारले की "जिनात हिशेब लिहिते" असे मी सांगत असे. माझ्या आईला लिहिता येत नव्हते.

पुढे दुष्काळ सरला, वडील कामावर परतले, मी शिकलो. त्या दुष्काळी कामांतूनच रोजगार हमीची कल्पना रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला, हे मी वर्गात अनेक वर्षे शिकवले. तारखा, कलमे, सारे सांगितले. फळ्यापाशी उभा राहून एकदाही असे म्हणालो नाही की त्या गिट्टी फोडणाऱ्या बायांमध्ये माझी आई होती. भाच्याला हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्या आईनेही, म्हणजे माझ्या बहिणीने, त्याला ते सांगितले नव्हते. त्या उतारावर बसून मी ते त्याला सांगितले. फडक्याची गोष्टही सांगितली.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "आजीने फोडलेली गिट्टी आता कुठे असेल?"

"कुठल्या तरी डांबराखाली," मी म्हणालो.

यवतमाळला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. शकुंतला रेल्वेचे स्थानक पाहायचे म्हणून तो मुद्दाम तिकडे वळला. यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंतचा ११३ किलोमीटरचा तो अरुंद लोहमार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापसासाठीच घातला होता. मँचेस्टरला घडलेले १९२१ सालचे वाफेचे इंजिन त्या मार्गावर १९९४ पर्यंत राबले. आता गाडी धावत नाही. रुळांच्या मधून गवत वर आले होते. भाच्याने छायाचित्र घेतले नाही. रुळाखालची खडी तेवढी वाकून पाहिली.

परतताना आम्ही सायकली एका मालगाडीत टाकल्या, चालकाशेजारी बसून आलो. आई अंगणात खाटेवर बसली होती. नव्वदीला टेकली आहे, दिसते कमी; पण माझा बांधलेला हात तिने लगेच पाहिला.

"कुठी पडला रे बाप्पू?"

"पांदणीवर, माय."

"मुरूम होता का गिट्टी?"

भाच्याने खिशातून एक दगड काढून तिच्या हातावर ठेवला. त्या उतारावरून त्याने तो कधी उचलला, मला कळले नव्हते. आईने तो बोटांत फिरवला, अंगठ्याने त्याच्या कडा चाचपल्या.

"हे मशिनीची व्हय," ती म्हणाली. "हातच्या गिट्टीले अशी धार राहत नाही."

"तुला कसं कळतं, आजी?" भाच्याने विचारले आणि तो तिच्या पायाशी जमिनीवर बसला.

आईने एकवार माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. मग ती सांगू लागली.