शंभरातले किती, आणि कोण?

भारतात इंटरनेट किती झपाट्याने वाढले, हे आपल्याला सतत ऐकवले जाते. समाजशास्त्र शिकल्यामुळे मी अशा आकड्याला आधी विचारतो: शंभरातले किती, आणि कोण?

२००० साली दक्षिण कोरियात शंभरातले सुमारे ४५ लोक इंटरनेट वापरत होते. चीनमध्ये दोनसुद्धा नव्हते, भारतात दोनशेत एक. २०१० पर्यंत चीन ३४ वर गेला. भारत सात-आठवर रेंगाळला. आपल्याकडे खरी उसळी आली २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर.

कोरियाच्या सरकारने ब्रॉडबँडचे जाळे विणतानाच गृहिणींनाही इंटरनेट शिकवले. आपल्याकडे काय झाले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के, स्त्रिया फक्त ३३ टक्के.

शिवाय आंतरराष्ट्रीय मोजणीत गेल्या तीन महिन्यांत एकदा वापरले तरी माणूस 'वापरकर्ता' ठरतो. मी वस्तीत काम करतो. तिथे भावाचा फोन तासभर मिळाला की मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरते. घरी लॅपटॉप आणि वायफाय असलेली मुलगीही त्या मोजणीत एकच, आणि हीसुद्धा एकच. स्पर्धा परीक्षेत मात्र दोघी समोरासमोर असतात.

म्हणून मित्रांनो, देशाच्या टक्केवारीवर टाळ्या वाजवण्याआधी आपली वस्ती मोजा. फोन कुणाच्या नावावर, रिचार्ज कोण करतो, मुलीच्या हाती तो किती वेळ असतो, हे घरोघरी लिहून काढा. जात आणि लिंग यांचा रकाना नसलेली प्रगती आपण मान्य का करायची?