मजकुराचा पेहराव

तुमचा व्यवसाय काय, असे कोणी विचारले म्हणजे मी जरा घुटमळतेच. 'लेखिका' म्हणावे, तर समोरची बाई लगेच माझ्या कादंबऱ्यांची नावे विचारू लागते. आणि माझ्या नावावर जमा आहेत त्या पाण्याच्या पंपांच्या, वजनकाट्यांच्या आणि दवाखान्यातील यंत्रांच्या माहितीपुस्तिका. यंत्राबरोबर खोक्यातून येते आणि बहुधा न उघडताच माळ्यावर जाते, ती चोपडी कोणीतरी लिहीत असते हे पुष्कळांच्या ध्यानीमनीही नसते. ती मी लिहिते. गेली सोळा वर्षे हाच उद्योग चालू आहे.

आमच्या सासूबाईंनाही बरेच दिवस माझ्या कामाचा उलगडा होत नसे. एकदा त्या माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. मी एका वाक्याला 'धोक्याची सूचना' असे नाव देत होते. नाव दिले मात्र, त्या वाक्याभोवती चौकट आली, डाव्या अंगाला त्रिकोण उमटला आणि अक्षरे ठळक झाली. "अगंबाई! तू नुसतं नाव घेतलंस आणि ते नटून बसलं की!" त्या म्हणाल्या. माझ्या कामाचे इतके नेमके वर्णन मला स्वतःला कधी साधले नसते.

या नटवण्याच्या नियमांच्या यादीला 'स्टाइल शीट' म्हणतात. कोणत्या नावाच्या मजकुराने कसे दिसायचे, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. आपल्याकडे पंगतीत मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे हे ठरलेले असते ना? वाढपी नवा असला तरी त्याला 'ही कोशिंबीर' एवढे सांगितले की पुरते. ती कुठे वाढायची हे तो तुम्हांला विचारत नाही. लिहिणाराने 'हे शीर्षक', 'ही कृती', 'ही सूचना' एवढेच सांगावे. शीर्षक निळे की काळे, याची उठाठेव त्याने करू नये. उद्या मालकांना हिरव्या रंगाचा सोस सुटला, तर यादीतला एक शब्द बदलायचा. तीनशे पानांवरची शीर्षके एका दमात हिरवी होतात.

माझे थोरले मामा सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. त्यांच्याकडे हस्तलिखित येई ते लाल शाईच्या खुणांनी रंगलेले. हे सोळा पॉइंट काळ्यात जुळवा, हे आत सरकवा, इथे एक ओळ सोडा. त्या बरहुकूम मामा खिळे उचलीत. इंग्रजी छापखान्यांत या खुणांना 'मार्कअप' म्हणत, आणि संगणकवाल्यांनी तो शब्द तेथूनच उचलला. फरक पडला तो १९६९ साली. अमेरिकेत आयबीएम कंपनीतील गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी 'सोळा पॉइंट काळा' असे न लिहिता 'हे शीर्षक आहे' असे लिहिण्याची पद्धत बांधली. तिचे नाव 'जीएमएल'. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे घ्या, हीच तीन निघतात! तिच्यातूनच पुढे १९८६ साली एक आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. इंटरनेटची पाने आली तेव्हा हा धडा जगाला पुन्हा गिरवावा लागला. १९९४ च्या ऑक्टोबरात होकोन व्हिउम ली या नॉर्वेच्या गृहस्थांनी त्या पानांसाठी स्टाइल शीटची योजना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिचे पहिले मानक, म्हणजे 'सीएसएस', प्रसिद्ध झाले. आमची पुस्तिका लिहिण्याची सॉफ्टवेअरे बहुतेक त्याच नियमांवर चालतात.

या सीएसएसच्या इतिहासात एक घरगुती भांडण आहे. पानावर हुकूम कोणाचा चालायचा? लिहिणाराचा की वाचणाराचा? दोघांनाही आपापली यादी लावता येते, आणि 'हे महत्त्वाचे' असा शेरा दोघांनाही मारता येतो. दोघांनीही शेरा मारला तर? पहिल्या मानकात लिहिणारा वरचढ होता. १९९८ च्या दुसऱ्या मानकाने तो निकाल फिरवला आणि वाचणाराला जिंकवले. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा मी त्यांच्या संगणकावर मोठ्या अक्षरांची यादी लावून दिली, आणि पानाच्या कर्त्याने अक्षरे कितीही बारीक ठेवली असली तरी त्यांना ती ठसठशीत दिसू लागली. समित्यांच्या कारभाराविषयी माझे मत एरवी फारसे चांगले नाही. पण या निकालापुरते मी त्यांना शंभर गुण देते.

आता ऑटोक्लेव्हची हकिगत सांगते.

ऑटोक्लेव्ह म्हणजे दवाखान्यातला मोठा प्रेशर कुकरच. त्यात चिमटे, कात्र्या, कापसाचे बोळे ठेवून १२१ अंशांच्या वाफेने निर्जंतुक करायचे. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा चौरस इंचाला सुमारे १५ पौंड अधिक. त्याचे झाकण अवेळी उघडले तर काय होईल, हे कुकरशी रोज झटणाऱ्या भगिनींना मी सांगायला नको. या यंत्राच्या पुस्तिकेत एक वाक्य होतेच होते: 'दाब शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडू नये.' ठळक, लाल, कोणाच्याही नजरेत भरेल असे.

कंपनीला त्याच मजकुरातून दवाखान्याच्या भिंतीवर लावायचा एकपानी तक्ता हवा होता. त्यासाठी वेगळे लेखन करावे लागत नाही. फक्त दुसरी स्टाइल शीट लावायची. तिच्यात नियम असा, की 'धोक्याची सूचना' या नावाचे परिच्छेद दाखव आणि बाकी सगळे झाक. तक्ता तयार झाला आणि परीक्षेसाठी एका तालुक्याच्या गावी, छोट्या दवाखान्यात लागला. तिथल्या सिस्टरनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारले, "अहो, झाकणाचं काहीच कसं लिहिलं नाहीत?"

तक्त्यात नऊ सूचना होत्या. झाकणाची नव्हती.

झाले होते ते असे. पूर्वी ज्या कोणी ती पुस्तिका रचली, त्याने त्या वाक्याला नाव दिलेच नव्हते. वाक्य निवडले, लाल केले, ठळक केले आणि गृहस्थ पुढे गेला. माणसाच्या डोळ्यांना ती सूचना दिसत होती. संगणकाच्या लेखी तो 'साधा परिच्छेद' होता. सगळे साधे परिच्छेद झाकले गेले, त्यात तोही झाकला गेला. म्हणजे जे वाक्य सर्वांत भडक रंगवले होते, तेच नेमके नाहीसे झाले! एका वाक्यासाठी कोणाचा तरी हात, कोणाचा तरी चेहरा भाजला असता. सिस्टरनी ते हेरले म्हणून निभावले.

यानंतर ते काम माझ्याकडे आले. हाताने रंगवलेली वाक्ये एकेक करून हुडकायची, त्यांचा रंग पुसायचा आणि त्यांना नाव द्यायचे. निवडणे-टिपणे म्हणतात तसेच हे काम; डाळीतले खडे परवडले म्हणायची पाळी. त्रेचाळीस ठिकाणी असले रंगकाम सापडले. त्यांतली कित्येक वाक्ये सूचना नव्हतीच. कोणाला तरी यंत्राचे नाव लाल आवडले होते, इतकेच. माझ्या मदतनीस मुलीचा या सगळ्याला विरोध. "मॅडम, एकच तर वाक्य आहे, लाल करून टाकते ना!" हे पालुपद मी दिवसातून चारदा ऐकत असे. तिला दोष देववत नाही. बटण समोर असते आणि ते दाबले की लगेच फळ दिसते. नाव देण्याचे फळ वर्षाने दिसते, तेही कोणाला तरी दुसऱ्यालाच.

नावे देणाऱ्यांचीही एक खोड आहे. त्या पुस्तिकेत एका परिच्छेदप्रकाराचे नाव 'लाल चौकट' असे होते. आता अमेरिकन मानकाप्रमाणे जिवावरच्या धोक्याला लाल, त्याखालच्या इशाऱ्याला नारिंगी आणि किरकोळ सावधगिरीला पिवळा रंग असतो. मानक पाळायचे ठरले तशी आमची 'लाल चौकट' नारिंगी झाली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! रूपावरून नाव ठेवू नये ते यासाठी.

मराठीच्या बाबतीत आणखी तऱ्हा. यादी परदेशातून आलेली, रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेली. त्यातले ओळींमधले अंतर आपल्या लिपीला तोकडे. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडत, कुठे रफारच कापला जाई. शीर्षकांची अक्षरे ऐसपैस पसरण्याचा नियम तर जीवघेणा, कारण त्याने शिरोरेषा तुटून शब्दाचे दात विचकतात. यावर उपाय एकच: मजकुराला 'भाषा मराठी' असे सांगायचे आणि त्या भाषेपुरते वेगळे नियम लिहायचे. हे सांगितल्याने काही फॉन्टांत एक गंमतही घडते. 'ल' आणि 'श' ही अक्षरे हिंदी वळण टाकून आपल्या मराठी वळणाने उमटू लागतात. शाळेत गिरवलेला पाकळीदार 'ल' पडद्यावर अवचित भेटला, तेव्हा मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

पण हे सारे भाग्य युनिकोडमधल्या मराठीचे. कंपनीची एक जुनी मराठी पुस्तिका नव्वदच्या दशकातली होती. त्या काळच्या पुष्कळ फॉन्टांत संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच असत. त्यांच्यावर देवनागरीचा नुसता मुखवटा चढवलेला. मी तिला आमची यादी लावली, फॉन्ट बदलला, आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा पसरला. तिथे पेहराव आणि देह वेगळे नव्हतेच. कपडे उतरवताच मराठी उरली नाही. रूपांतराची साधने आहेत, पण जोडाक्षरांत ती अडखळतात. शेवटी ती सगळी पाने मी डोळ्यांखालून घातली. अशा फॉन्टांत कोंडलेली किती मराठी कोणकोणत्या कपाटांत पडली असेल, हा विचार मात्र त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

तक्ता पुन्हा काढला तेव्हा झाकणाची सूचना पहिली ठेवली. सिस्टरना पाठवला, तर त्यांचा निरोप आला: छान आहे, पण यंत्र कोपऱ्यात आहे, तिथे उजेड कमी, अक्षर थोडे मोठे होईल का? मी यादीतला एक आकडा बदलला, आणि दहाच्या दहा सूचना मोठ्या झाल्या. कागद मात्र पुरेना. तेव्हा तो दुप्पट मापाचा घेतला.