वाईच्या दगडखाणीतील स्फटिक

वाईला येणारा पाहुणा महागणपतीपाशी थांबतो, मेणवलीचा घाट पाहतो आणि पसरणी घाटाने पाचगणीला निघून जातो. घाट चढताना डोंगराच्या अंगावर एकावर एक रचलेले कातळाचे थर दिसतात, त्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. भूशास्त्रात मात्र वाईचे नाव या थरांमुळेच आहे. दख्खनच्या लाव्हाथरांपैकी वरच्या गटाला ‘वाई उपगट’ म्हणतात. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे.

हा लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे उष्ण पाणी झिरपले आणि पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांचे स्फटिक वाढले. त्यांत झिओलाइट गटातील खनिजे प्रमुख आहेत. १७५६ मध्ये क्रॉन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे नाव दिले. तापवल्यावर फसफसणारा दगड, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे हे स्फटिक मिळतात ते विहिरी, बोगदे आणि दगडखाणी खोदताना. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गाचे खोदकाम चालू असताना निघालेले नमुने थेट विलायतेच्या संग्रहालयांत गेले.

बँकेत असताना एका खडी क्रशरच्या कर्जाची पाहणी करायला मी प्रथम दगडखाणीत उतरलो. तेथे पायाशी पडलेला एक चमकता तुकडा खिशात टाकला, तेव्हापासून हा नाद लागला. (वाईतच सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने तो पुढे वाढवला.) निवृत्तीनंतर मालकाची परवानगी घेऊन मी वाई परिसरातील एका खाणीत जाऊ लागलो.

त्या दिवशी ढिगाऱ्यात स्टिल्बाइटचा एक सुंदर नमुना मिळाला. गव्हाच्या पेंढीसारखा मध्ये आवळलेला, फिकट केशरी, मोत्यासारखी झळाळी असलेला. तेवढ्यावर समाधान मानायला हवे होते. पण समोरच्या कड्यात दीड पुरुष उंचीवर एक पोकळी उघडी पडली होती आणि तिच्यात काचेसारखे स्वच्छ ॲपोफिलाइटचे स्फटिक उन्हात लखलखत होते. मी मुकादमाला पाचशे रुपये देऊ केले.

“साहेब, शेजारचा एक सुरुंग उडालेला नाही. तिथं छिन्नी लावायची नाही.”

मी हजार म्हणालो.

“मग तुम्ही चढता का?”

आयुष्यभर इतरांची जोखीम कागदावर मोजलेल्या माणसाला याचे उत्तर देता आले नाही.

घरी नमुना कपाटात ठेवत असताना नात जवळ आली. पाठशाळेत तिचा ‘जीवविचार’ चालू आहे. शांतिसूरींच्या त्या प्रकरणात पृथ्वीकाय जीवांची नावे येतात, त्यांत पहिलेच नाव स्फटिकाचे. तिने विचारले, “आजोबा, कपाटात जीव ठेवलेत का?” खाणीतून सुटलेला, शस्त्राचा आघात झालेला दगड अचित्त होतो, असे मी ठरावीक उत्तर दिले.

“पण शस्त्र कोणी लावलं?”

मी लावले नाही, हे खरे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याचा धंदा, फोडीकर्म, गणला आहे, आणि आपल्यापैकी बहुतेक घरांनी तो टाळलाही. पण घराच्या पायाची खडी आपण विकत घेतोच. त्या क्रशरच्या कर्जावर शिफारशीची सही तर माझीच होती. नातीला हे सारे सांगितले नाही. तिच्या वयाला झेपले नसते, असे मी स्वतःला सांगतो.

पंधरा दिवसांनी पुन्हा खाणीत गेलो. तो सुरुंग निकामी करून कडा पुढे फोडला होता. ती पोकळी उरली नव्हती. मुकादमाने हात करून क्रशर दाखवला. पट्ट्यावरून पाऊण इंची खडी पडत होती, डंपर भरत होता. धुरळ्यात काही चमकते का, म्हणून मी थोडा वेळ उभा राहिलो.

“सातारा रस्त्याला चालली,” मुकादम म्हणाला.