कीचकाची दरी

चिखलदऱ्याच्या भीमकुंडापाशी धुकं ओसरलं की दरीचा काळा कातळ एकदम पुढ्यात येतो. गाईड सांगतो, कीचकाला मारून भीमानं इथंच फेकलं. कीचकदराचा चिखलदरा झाला. पर्यटकांना भीमाची ताकद आवडते.

खरी गोष्ट त्याआधीची आहे. सैरंध्री, म्हणजे अज्ञातवासातली द्रौपदी, कीचकाच्या छळाविरुद्ध भर दरबारात दाद मागायला गेली, कीचकानं तिला तिथंच लाथ मारली, आणि विराट राजा गप्प बसला. कीचक त्याचा सेनापती आणि मेहुणा होता. छळणाऱ्याचं बळ मनगटापेक्षा अशा मौनात जास्त असतं. आज कीचकाची दरी आहे, भीमाचं कुंड आहे, विराटाचं वैराट आहे. सैरंध्रीची जागा कुणी दाखवत नाही.

याच मेळघाटात, हरिसालला, 25 मार्च 2021 रोजी वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाकडून झालेला छळ होता. तक्रार करूनही काही झालं नाही, हेही त्यांनी लिहिलं होतं.

वर्दी होती, हुद्दा होता. तरीही!

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती 2013च्या कायद्यानं सक्तीची आहे. आपल्या कार्यालयात ती आहे का, हे उद्याच विचारा.