सव्वा इंच

दोन वर्षांपूर्वी, ज्येष्ठ महिन्यात, माझी धाकटी बहीण आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन मडगावहून सुरतेस आमच्याकडे कायमची राहावयास आली. मेहुणे निवर्तल्याला तेव्हा वर्षही उलटले नव्हते. सामान फारसे नव्हते. चार ट्रंका, देवांचा डबा आणि कापडी पिशवीत घातलेली मेहुण्यांची बास गिटार. प्रवासात कोठेतरी एक ट्रंक त्या पिशवीवर कोसळली असावी. घरी येऊन पाहतो तो गिटारची मान मधोमध मोडलेली! मुलगा रडला नाही. त्याने पिशवीचा बंद पुन्हा ओढला आणि ती कोपऱ्यात उभी करून ठेवली. तो रडला असता तर मला अधिक बरे वाटले असते.

मी पडलो वकील. अव्यवस्थेवर नियम हा एकच उपाय मला ठाऊक. मी भाच्याची नवी शाळा ठरवली, गुजरातीची शिकवणी लावली, उठण्याजेवण्याच्या वेळा बांधून दिल्या. तो सारे निमूटपणे पाळी. पण दीड महिन्यात त्याचा आवाज घरात ऐकू येईनासा झाला. आईशी कोंकणीत दोन शब्द आणि माझ्याशी "व्हय, मामा," एवढेच. प्रतिपक्षाने एकही हरकत न घेतलेला खटला मला नेहमीच संशयास्पद वाटतो. परंतु घरात ते ध्यानात आले नाही.

पावसाळा सरता सरता जुन्या वाद्यांच्या एका व्यापाऱ्याकडे मला एक सुटी मान मिळाली. धड नाहीसे झालेल्या दुसऱ्याच कुठल्या बास गिटारची ती होती. एका वाद्याची मान दुसऱ्याला लावता येते, हे मला तेव्हाच कळले. अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने 1951 साली पहिली 'प्रिसिजन बास' विक्रीस आणली. तिची मान सरसाने चिकटवलेली नव्हती, धडातील खाचेत बसवून स्क्रूंनी आवळलेली होती. मोडली तर बदलावी, इतका सरळ हिशेब. या गृहस्थाला स्वतःला गिटार वाजवता येत नसे, हे वाचून मला धीर आला.

आमच्या शेजारी हिऱ्यांना पैलू पाडणारे एक कारागीर राहतात. त्यांनी आपल्या कॅलिपरने मोजून सांगितले की मानेचा बुंधा खाचेपेक्षा दोन मिलिमीटर रुंद आहे. सुताराने विचारले, "वकीलसाहेब, खाच वाढवू की मान तासू?" मी म्हणालो, "मान तासा. नवी वस्तू जुन्या घरात आली, तिनेच अंग चोरले पाहिजे." भाचा जवळच उभा होता. तो काही बोलला नाही.

मान अशी चपखल बसली की सांध्यात कागद शिरू नये. चार स्क्रू आवळले, चार तारा चढवल्या, मोकळ्या तारा सुरात लावल्या. मी विजयी मुद्रेने पाहू लागलो. भाच्याने बाराव्या पडद्यावर बोट ठेवून तार छेडली आणि मान हलवली.

"मामा, हें वाजचें ना."

स्वर उतरलेला होता. तो जसजसा वरच्या पडद्यांकडे जाई, तसतसा सूर अधिकाधिक घसरे. मी सहज म्हणालो, "मग पडदे थोडे सरकव." महिन्याभरात तो प्रथमच हसला. माझे वडील सतार वाजवीत. ती मिरजेची होती. त्या गावच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. रागाप्रमाणे वादक ते सरकवतो. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले. ते सरकत नाहीत.

मग त्याने मला समजावले आणि मी एखाद्या ज्युनिअरसारखा ऐकत राहिलो. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे. जुन्या मानेसाठी तारेची लांबी 34 इंच होती. नवी मान 30 इंचांच्या मापाची. पडदे वीसच, पण एकमेकांच्या अधिक जवळ. अटीपासून बाराव्या पडद्यापर्यंत 15 इंच, तर तेथून घोडीपर्यंतही 15च हवेत. घोडी मात्र जुन्या जागी, म्हणजे सव्वा इंच दूर राहिली होती. सांधा निर्दोष होता, पण मापच निराळे होते. मानेचे माप मानेतच कोरलेले असते. ते बदलत नाही. जागा सोडावी लागते ती धडावरच्या घोडीला.

घोडी सरकवायची म्हणजे धडाला नवी भोके पाडायची. हे धड त्याच्या वडिलांनी साष्टीतल्या लग्नमांडवांतून आणि तियात्रांतून वीस वर्षे छातीशी धरले होते. मनगट टेकून टेकून त्याचा रंग एका जागी उडाला होता. भाच्याने त्या जागेवरून अंगठा फिरवला. माझी बहीण दारात उभी होती. ती म्हणाली, "दादा, तो म्हणेल तसे करा." बऱ्याच वेळाने त्याने पेन्सिल घेतली, स्वतः रेघ मारली आणि सुतारापुढे धड सरकवले.

त्या रात्री मला झोप आली नाही. मुलाने आपल्या वडिलांच्या लाकडाला भोक पाडू दिले. मी मात्र माझ्या घराचा एक खिळाही हलवला नव्हता. त्याच्या वेळा, त्याची भाषा, त्याचे मौन, सारे मी सतारीच्या पडद्यांसारखे सरकवू पाहत होतो. चौदा वर्षांचे माप त्याच्यात आधीच कोरले गेले होते.

आता संध्याकाळची शिकवणी सकाळी गेली आहे. संध्याकाळी सात ते आठ गिटार वाजते, आणि त्या तासात माझे पक्षकार बाहेरच्या खोलीत खर्जाच्या साथीत आपली गाऱ्हाणी सांगतात. जेवताना कोंकणी चालते. माझे उच्चार ऐकून मायलेक हसतात. तारा पूर्वीपेक्षा थोड्या सैल आहेत, कारण आखूड मापावर तोच सूर कमी ताणात मिळतो. भाचा म्हणतो की बाबांचा आवाज हा नव्हे. मी त्याला विरोध करीत नाही, कारण त्याचे म्हणणे खरे आहे.

घोडीच्या मागे, जुन्या भोकांत ठोकलेल्या लाकडी खुंट्या अजून दिसतात. सुताराने त्यांवर रंग द्यायचे विचारले होते. भाचा नको म्हणाला, आणि या वेळी मी मध्ये बोललो नाही.