झोळी कुठे बांधली होती?

नांदेडहून लातूरला जायचं म्हटलं की सकाळी लवकर निघावं. लोहा मागे टाकलं की रान मोकळं होतं, माळाकोळीच्या पुढे चढउतार लागतात आणि अहमदपूरला चहा होतो. आम्ही तिघं भावंडं या रस्त्यानं लहानपणापासून जात आलो. लग्नाला, मय्यतीला, ईदच्या दुसऱ्या दिवशी फुप्पीकडे. या वेळी मात्र कामासाठी निघालो होतो. पिशवीत एक दोनशे पानी वही होती, चार्ज केलेला मोबाईल होता आणि एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे काढलेला घराचा नकाशा.

नकाशा अब्बांनी काढलेला. त्याची हकिकत आधी सांगतो.

अब्बा आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, निवृत्तीनंतर नांदेडलाच राहिले. त्यांच्या आयुष्याची गोष्ट घरासाठी लिहून काढायची, असं गेल्या रमजानमध्ये ठरलं. छापायची वगैरे नाही. नातवंडं आता पुण्यात, हैदराबादेत, एक तर दुबईत; त्यांना आजोबा कोण होते ते कळावं, एवढंच. पहिल्या दिवशी आम्ही मोबाईल समोर ठेवून म्हटलं, "अब्बा, तुमची जिंदगी सांगा." अब्बांनी पाच मिनिटांत संपवली. जन्म खेड्यात, शिक्षण कष्टात, नोकरी इमानदारीत, अल्हम्दुलिल्लाह. बस.

मग आमच्या धाकट्या भावानं युक्ती केली. जिंदगी विचारायचीच नाही, घर विचारायचं. चूल कुठे होती? रांजण कुठल्या कोपऱ्यात? रात्री कोण कुठे झोपायचं? अब्बांनी पेन मागितलं आणि हाताला लागली त्या लग्नपत्रिकेवर घर काढायला सुरुवात केली. दार, ओसरी, बाहेर शेळ्यांचा गोठा, दादांच्या अत्तराच्या आणि सुरम्याच्या पेट्या ठेवायची फळी. (आमचे दादा आतार, बाजारोबाजार फिरून विकायचे.) हे सांगताना अब्बा दीड तास बोलले. ज्यांना घरात असं काही लिहायचं आहे त्यांनी एवढं तरी करून पाहावं. माणसाला स्वतःबद्दल विचारलं तर तो आवरून बसतो, घराबद्दल विचारलं तर थांबत नाही.

पण त्या नकाशात एक गोष्ट अशी होती की आम्ही अडलो. मधल्या खोलीत आढ्याला अब्बांनी एक झोळी टांगलेली काढली होती. लुगड्याच्या कापडाची, पोर निजवायची झोळी. आम्ही म्हटलं, "अब्बा, घरात सगळ्यात लहान तर तुम्हीच ना? तुम्ही सांगता ते घर तर नऊ वर्षांच्या मुलानं पाहिलेलं. मग झोळीत कोण?"

अब्बांनी पेन खाली ठेवलं. असरची वेळ झाली होती, ते उठून वजूला गेले. नंतर दोन महिने त्यांनी वहीचं नावही काढलं नाही.

म्हणून आम्ही लातूरला निघालो होतो. फुप्पी अब्बांपेक्षा तीन वर्षांनी मोठी. झोळीत कोण होतं हे सांगणारं जगात आता तेवढंच एक माणूस उरलं होतं.

अहमदपूर तालुक्यातलं आमचं गाव रस्त्यापासून आत आहे. घर कधीच पडलं, जागा विकली गेली, म्हणून गाडी आत वळवली नाही. या गावाची एक गंमत नातवंडांसाठी वहीत लिहिली आहे. अब्बा जन्मले तेव्हा अहमदपूर निजामाच्या मुलखातल्या बीदर जिल्ह्यात होतं. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात गेला. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. 1982 मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. गाव जागचं हललं नाही, पत्ता मात्र बदलत राहिला. कागदपत्रं शोधताना याचा भारी त्रास होतो. जुनी नोंद बीदरची, ती पाहायची कुठे?

तारखांचंही तेच. शाळेच्या दाखल्यावर अब्बांचा जन्म 1 जूनचा आहे, मराठवाड्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा असतो तसा. नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेला. खरी नोंद फसली सालात असायची. निजामाच्या राज्यात सरकारी हिशेब फसलीनंच चाले. महिन्यांची नावं इराणी, आजूर, दै, बहमन, इस्फंदार. वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू व्हायचं. फसली सालात 590 मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीनंतरचे महिने असतील तर 591. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचे उर्दू कागद आहेत त्यांनी हा हिशेब लिहून ठेवावा, आम्हाला तो शोधायला दोन दिवस लागले.

लातुरात शिरताना गंजगोलाईवरूनच जावंसं वाटतं. मधोमध गोल इमारत आणि चहूबाजूंना फुटलेले सोळा रस्ते. कुठे सराफा, कुठे भुसार, कुठे भांडी. 1917 मध्ये फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं हा आराखडा आखला. मरहूम फुप्पाजींचं दुकान इथेच एका बोळात होतं. फुप्पी आता मुलाकडे राहते. डोळ्यांना कमी दिसतं, कानाला चांगलं ऐकू येतं आणि जिभेला अजून धार आहे. आम्हाला पाहून म्हणाली, "क्या रे, किसका इंतेकाल हुआ?" फोन न करता आलेल्या पाहुण्याचा अर्थ या वयात एकच असतो.

जेवण झालं. उस्मानाबादी शेळीचं मटण आणि ज्वारीची भाकरी. मग आम्ही नकाशा उघडला, तिला दिसत नव्हतं म्हणून बोटानं फिरवून सांगितला. झोळीपाशी आलो तशी ती म्हणाली, "उन्ने निकाला? झोली निकाला उन्ने?" आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग मुलाला तिनं कपाटातला जुझदान काढायला सांगितला.

आत कुरआन शरीफ होतं, पानं पिवळी पडलेली. सुरुवातीच्या कोऱ्या पानावर फिकट शाईत उर्दूत तीन ओळी होत्या, दादांच्या हातच्या. पहिली 1345 फसली, फुप्पी. दुसरी 1348, अब्बा. तिसरी इस्फंदार 1357, एक मुलगी. म्हणजे जानेवारी 1948. तिचं नाव इथे देत नाही, ते घरच्या वहीत आहे.

तिसरी नोंद 1357 ची आहे म्हटल्यावर पुढे काय येणार ते आमच्या लक्षात आलं.

1948 च्या सप्टेंबरात काय झालं ते मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला आपापल्या परीनं माहीत आहे. त्याआधी रझाकारांनी गावोगाव जुलूम केले. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या, 17 ला निजाम शरण आला. त्या दिवशी आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो आणि अब्बा नोकरीत होते तोवर एकदाही झेंडावंदन चुकले नाहीत. पण त्यानंतरच्या दिवसांत ज्यांनी रझाकारांची काठीसुद्धा पाहिली नव्हती अशा पुष्कळ मुसलमान घरांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली चौकशीला माणसं पाठवली. त्यांच्या अहवालात सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही नावं आहेत, आणि मेलेल्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार. हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान कुटुंबांना वाचवल्याचंही त्यात लिहिलं आहे. हा अहवाल 2013 पर्यंत लोकांसमोर आला नव्हता. सरकारनं कपाटात ठेवलं आणि आमच्या घरांनीही.

फुप्पीनं सांगितलं ते असं. दादा बाजाराला गेले होते. गावात कुणी येऊन सांगितलं की आजची रात्र घरात थांबू नका. दादीनं तिघा लेकरांना घेतलं, फुप्पीनं कुरआन शरीफ उचललं आणि सगळे शेजाऱ्याच्या रानात शिरले. ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. चार दिवस तिथेच. पाऊस चालू. शेजारी रात्री भाकरी आणून द्यायचा. अब्बांच्या आठवणीत तो शेजारी लिंगायत, फुप्पीच्या आठवणीत तो मराठा आणि भाकरी त्याची आई आणायची. आम्ही दोन्ही लिहिलं, प्रत्येकासमोर कुणी सांगितलं ते नाव घालून. हदीस सांगताना सनद देतात, कुणी कुणाकडून ऐकलं ते. घरच्या आठवणींनाही तेवढी शिस्त परवडते. हजरत निजामुद्दीन औलियांची बोलणी 1308 ते 1322 अशी वर्षानुवर्षं लिहून ठेवणारे अमीर हसन सिजझीही तारीख आणि मजलिस घालूनच लिहीत. त्यांची मजार आपल्या खुलताबादला आहे.

बाळाला दुसऱ्या दिवशी ताप भरला. तिसऱ्या दिवशी पहाटे दादीनं अब्बांच्या हातात लोटा दिला आणि ओढ्यावरून पाणी आणायला सांगितलं. नऊ वर्षांचं पोर. ओढ्यापाशी माणसांचे आवाज आले तसं ते घाबरून रिकाम्या हातानं परतलं.

इथे आमची बहीण रडायला लागली. आम्हा तिघांनाही एकदम कळलं की अब्बा पंचाहत्तर वर्षं काय समजून बसले आहेत. उन्हाळ्यात दारावर आलेल्या कुठल्याही माणसाला आधी पाणी विचारायचं, फकीर असो की पोस्टमन, याबाबत अब्बा इतके कडक का, हेही कळलं.

फुप्पीला आम्ही हे सांगितलं. ती भांबावली. म्हणाली, "पीने कू कहाँ मंगाये थे पानी? बच्ची तो रात कूच गुजर गई थी. अम्मा ने गुस्ल के वास्ते मंगाये. नै मिल्या तो तयम्मुम दिये, वहींच बांध पे दफन किये. इसकू लगा बच्ची सोई है." मग जरा थांबून, "मेरे कू क्या मालूम उन्ने ऐसा समझा. कबी पूछाच नै."

बहीण लातुरात, भाऊ नांदेडात. दोघांनी सगळी लग्नं, बाळंतपणं, बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप एकमेकांना विचारून पार पाडला. भूकंपाच्या सकाळी, 30 सप्टेंबर 1993 ला, अब्बा पहिली मिळेल ती बस पकडून तिच्या दारात उभे राहिले होते. एवढं सगळं झालं. ही एक गोष्ट तेवढी कुणी कुणाला विचारली नाही.

रात्री फुप्पीकडेच राहिलो. झोप कुणालाच नव्हती. भावाचं म्हणणं, हे वहीत येता कामा नये. दुबईतल्या नातवाला आजोबांच्या लहानपणात ज्वारीचं रान कशाला दाखवायचं, त्याच्या मनात कुणाबद्दल राग बसला तर? बहिणीचं म्हणणं, भाकरी आणणारी बाईही त्याच रानातली आहे. एक गाळलं तर दुसरीही गळते. दोघांचंही आम्हाला पटत होतं. अकबर बादशहानं गुलबदन बेगमला, आपल्या आत्याला, बाबर आणि हुमायूंबद्दल आठवेल ते लिहायला सांगितलं. तिनं लढायांपेक्षा घरातल्या बायका, लग्नं, वाटेत हरवलेली माणसं जास्त लिहिली, आणि त्यामुळेच आज ते वाचलं जातं. शेवटी एवढं ठरलं की आधी अब्बांना ऐकवायचं, लिहायचं की नाही ते त्यांनी सांगावं.

दुसऱ्या दिवशी जोहरच्या सुमारास नांदेडला पोहोचलो. अब्बा खुर्चीत होते. आम्ही काही न सांगता मोबाईल त्यांच्या कानापाशी धरला आणि फुप्पीचा आवाज लावला. गुस्लच्या वाक्यापाशी त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून. "फिर से लगाओ." पुन्हा लावलं. त्यांनी तिसऱ्यांदा ऐकलं. नंतर "इन्ना लिल्लाहि" म्हणाले, जणू बातमी आजच आली, आणि अम्मीला म्हणाले, पाणी दे.

मगरिबनंतर त्यांनी स्वतः वही मागितली. लग्नपत्रिकेवरचा नकाशा आम्ही वहीच्या पहिल्या पानावर नीट पट्टी लावून उतरवला होता. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"हे चूक आहे," ते म्हणाले. "झोळी तुम्ही दाराकडे काढली. दाराकडे वारं लागायचं. ती चुलीकडच्या आढ्याला होती." आणि रबर मागितलं.