फेकायचं ते पायाने

रेवदंडा, शनिवार.

ओहोटीच्या ओल्या वाळूवर आज दुसरीच्या मुलांना चेंडू फेकायला शिकवलं. फेक हातात नसते, पायांत असते. उजव्या हाताने फेकायचं तर डावा पाय पुढे. मग कंबर वळते, खांदा येतो, हात सगळ्यांत शेवटी. लहान मुलं नेमका फेकत्या हाताच्याच बाजूचा पाय टाकतात. सांगून कळत नाही. वाळूत पावलाचा ठसा काढून दिला की लगेच जमतं.

कोळीवाड्यातल्या मुलांना हे आधीच येतं. घरच्यांना पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकताना ती बघतात, आणि कमरेचा वळसा घेतल्याशिवाय पाग गोल उघडत नाही.

लगोरी मी मुद्दाम लांबणीवर टाकली. नेम धरायला लावलं की मुलं अंग आखडतात. आधी जोरात, लांब फेकू द्यावं. मुली मागे पडतात त्यात सरावाच्या अभावाचाही वाटा असतो.

७ ऑगस्ट २०२१ला टोकियोत नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकला, तोही याच क्रमाने: पाय, कंबर, खांदा, हात.

शिक्षक मित्रांनो, पावसाळ्यात व्हरांड्यात कागदाचे बोळे फेकू द्या, पण खेळाचा तास गणिताला देऊ नका.